चांदा ते धानोरा, ताशी सोळा मैल

तुम्ही लोक हल्ली ताडोबाला जाऊन येता, वाघाच्या शेपटीचा फोटो टाकता आणि त्याखाली लिहिता, 'मोहर्ली गेटपर्यंत रस्ता मस्त, गाडी शंभरच्या खाली आलीच नाही.' वा रे पठ्ठे! ते वाचूनच माझं डोकं फिरलं. म्हटलं, आपणही लिहून टाकू आपला प्रवास. फक्त तो सत्तरेक वर्षं जुना आहे, आणि त्यात वेगाची चौकशी करायला मी स्वतः गेलो होतो.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली त्याच जिल्ह्यातली एक तहसील होती. राज्य नुकतंच बदललं होतं, आमचा मुलूख मुंबईला जोडला होता. मी नागपूरचा, एकवीस वर्षांचा, मोटारींच्या खात्यात चिकटलेला कच्चा कारकून. पक्का होण्यासाठी साहेबांची एक सही हवी होती. साहेब म्हणजे दिघेसाहेब, मुंबईकडून आलेले, पांढरी टोपी, कडक इस्त्री. कायदा त्यांना तोंडपाठ होता. रस्ता मात्र त्यांनी नकाशावरच पाहिला होता.

एका लाकूड-ठेकेदाराची तक्रार आली होती. त्याचा ट्रक ताशी चाळीस मैलांनी पळतो, तरी चांदा–धानोरा सर्व्हिस मोटार, म्हणजे तेव्हाची बस, रोज त्याच्या आधी पोचते, त्याअर्थी मोटारवाला चाळीसच्या वर हाणतो. शिवाय मोटारीला भोंगा नाही. साहेबांना हे गणित बिनतोड वाटलं. वेगाची मर्यादा वीस मैल होती. गुन्हा सिद्ध झाला की ड्रायव्हरचं लायसन जप्त.

साहेबांनी बेतही बिनतोड आखला. मी मोटारीत बसून प्रत्येक मैलाच्या दगडाला घड्याळ पाहायचं आणि वहीत वेग लिहायचा. साहेब अर्ध्या तासानं स्वतः जीप घेऊन निघणार. जीपनं मोटार गाठली नाही, की झालंच, मोटार पळते. जीप स्वतः किती पळते हे कोण मोजणार, असं मी विचारलं नाही. कच्चा कारकून असले प्रश्न विचारत नाही.

माघ महिना होता, सकाळी बोचरी थंडी. तिकीट एक रुपया आणि वर काही आणे, नेमकं आठवत नाही. ड्रायव्हर श्रावणभाऊ चाळिशीचा, काटक, गळ्यात मफलर. मी सरकारी माणूस आहे हे त्यानं दोन मिनिटांत ओळखलं आणि मला पुढच्या सीटवर बसवलं.

"इथी धूळ लागत नाई, बाबू. पण इथी बसणाऱ्याले काम असते, बरं का."

"काय काम?"

"येईन तवा सांगीन."

भोंगा होता. रबरी फुगा, पितळी कर्णा, आणि कर्ण्यात कोंबलेला चिंध्यांचा बोळा.

"हे काय हो?"

"बैलं बुजतेत," श्रावणभाऊ म्हणाला. त्याच्या लेखी विषय संपला.

मूलला पहिला थांबा. तांदळाच्या गिरण्यांचा कोंडा हवेत, आणि स्टँडवर गरम भजी. ती भजी खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नका, असं मी लिहिणार होतो. पण तो कढईवाला आता कुठला असायला! तिथं चहा पिताना श्रावणभाऊंनी स्वतःहून विषय काढला.

"माह्या लायसनचं काय होईल, बाबू?"

"चौकशी आहे फक्त."

"लायसन गेलं तं इथीच गिरणीत पोती वाहाले यावं लागन. बायकोचा भाऊ ये म्हणून राह्यला. पण मले मोटारीशिवाय काई येत नाई." मग जरा थांबून म्हणाला, "तुमी जे पाह्यता तेच लिवा. जास्ती काई मागत नाई मी."

मी मान डोलावली.

वैनगंगेवर पूल नव्हता. वाळूत बांबूच्या तट्ट्या अंथरलेल्या, त्यावरून मोटार ढकलत धारेपर्यंत न्यायची आणि मग जोडनावेवर चढवायची. ढकलायला सगळे उतरतात, तिकीट काढलेलेही. तिथं साहेबांची जीप आम्हाला दिसली, पण नाव एकच. ते काठावर उभे राहून हाका मारत होते आणि नावाडी अगदी शांतपणे वल्हं मारत होता.

गडचिरोली मागं पडली आणि खरं जंगल लागलं. दोन्हीकडं साग, मध्ये एका गाडीपुरता रस्ता. आणि समोरून बंड्या. तिकडं बैलगाडीला बंडी म्हणतात. सागाचे ओंडके लादलेल्या तीस-चाळीस बंड्या, एकीमागं एक, बैल आपल्या चालीनं येताहेत आणि निम्मे गाडीवान गाढ झोपलेले. श्रावणभाऊंनी शंभर पावलांवर मोटार थांबवली, इंजिन बंद केलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"उतरा, बाबू. पुढच्या सीटवरचा माणूस रस्ता मागाले जाते. इकडची रीतच आहे."

मागं म्हाताऱ्याकोताऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. गेलो बापडा. पहिल्या बंडीवर पांढऱ्या मिशांचा एक गोंड म्हातारा होता, चैतूदादा. मी 'जोहार' म्हटलं. त्यानं बैल थांबवले.

"जोहार. कुठी चालले?"

"धानोऱ्याला."

"घाई हाय का?"

खरं तर नव्हती. "तशी नाही," मी म्हणालो.

"मंग एक बिडी होऊ द्या," म्हातारा म्हणाला.

बिडी झाली. चैतूदादानं मागं वळून एक हाळी दिली आणि बंड्या एकेक करत झाडांत उतरल्या. आमची मोटार त्यांच्यामधून लग्नातल्या नवरदेवासारखी गेली. दहा-बारा मिनिटं गेली असतील. मी वहीत लिहिलं: सरासरी वेग, ताशी सोळा मैल. त्या मोटारीला उतारावरून लोटून दिलं असतं तरी ती वीसच्या वर गेली नसती.

दुपारी धानोऱ्याला पोचलो. भात, वरण आणि लसणाची चटणी, पोटभर. साहेब मात्र आले दिवेलागणीला, आणि आले ते रिकाम्या बंडीत, गवताच्या पेंढीवर बसून, टोपी मांडीवर.

रागाच्या भरात त्यांनीच सगळं सांगितलं. बंड्या दिसताच त्यांनी हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. एक जोडी बुजली, ओंडके सुटले. तेव्हा त्या म्हाताऱ्यानं काय करावं? भर रस्त्यात बैल सोडले, आणि त्याच्यामागं सगळ्यांनी सोडले. चुली पेटल्या, भात शिजायला लागला. साहेब कायद्याचं कलम सांगत होते आणि ते लोक त्यांना जेवायला बोलवत होते. शेवटी साहेबांनी जीप बाजूनं काढायचा प्रयत्न केला, ती नाल्यात गेली, स्प्रिंग तुटली.

"वही दाखवा," साहेब म्हणाले. त्यांनी पाहिली. "सोळा? मी चाळीसनं येत होतो. मोटार माझ्या आधी कशी पोचली?"

"साहेब, बंडीवाल्यांनी तिला रस्ता दिला."

"तक्त्यात 'रस्ता दिला' असा रकाना आहे? नाही. मग ती चाळीसच्या वरच असणार. दुरुस्त करा. आणि तुमच्या कायम होण्याचा कागद माझ्याच बॅगेत आहे, विसरू नका."

माझी आई नागपूरला माझ्या पक्क्या नोकरीसाठी सोळा सोमवार करत होती, म्हणून सांगतो, नाहीतर... छे, म्हणून-बिणून काही नाही. घाबरलो. कंदिलापाशी बसून रबरानं सोळा खोडलं आणि एक्केचाळीस लिहिलं. त्या अख्ख्या रस्त्यावर मर्यादा ओलांडून काही पळालं असेल तर ती माझी पेन्सिल.

बाहेर आलो तर श्रावणभाऊ मोटारीत पाणी भरत होता.

"किती लिवलं, बाबू?"

"जे होतं तेच."

"मंग काई चिंता नाई," तो म्हणाला, आणि टपावर कांबळं अंथरून पाच मिनिटांत घोरायला लागला. मी पडल्या पडल्या ते घोरणं ऐकत होतो आणि मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना परतायला मोटारीशिवाय दुसरं काही नव्हतं. संध्याकाळी चांद्याहून त्यांची आगगाडी होती, कारण पुढच्या दिवशी नागपुरात त्यांचं भाषण होतं. विषय: रस्त्यावरील सौजन्य. मी हे बनवून सांगत नाही. साहेब चढले आणि सरळ पुढच्या सीटवर बसले. श्रावणभाऊंनी मला मागं जायची खूण केली. त्याचा चेहरा अगदी गंभीर होता.

नाल्यातली जीप मागं गेली, साहेबांनी मान वळवली नाही. थोड्याच अंतरावर त्याच बंड्या, आता आमच्या पुढं, त्याच दिशेनं चाललेल्या. मोटार थांबली. इंजिन बंद.

"काय झालं?" साहेब.

"रस्ता मागा लागते, साहेब. पुढच्या सीटवरचा माणूस जाते."

"तुम्ही भोंगा वाजवा. कायद्यानं बंधनकारक आहे!"

श्रावणभाऊंनी मुकाट्यानं फुगा दाबला. बोळ्यातून 'फुस्स' असा आवाज आला. मागच्या बाकावरच्या बाईनं डबा उघडला आणि पोरीला भाकर दिली. कोणालाच घाई नव्हती. बंड्या पुढं सरकत, आम्ही थोडं सरकायचो, पुन्हा थांबायचो. साहेब घड्याळ पाहत होते, मग बाहेर, मग घड्याळ. असा अर्धा तास गेला असेल. शेवटी त्यांनी दार उघडलं, टोपी नीट केली आणि चालायला लागले. शेवटच्या बंडीपासून पहिल्या बंडीपर्यंत, धुळीतून, ओंडक्यांच्या कडेनं. मी वही सांभाळत मागोमाग.

चैतूदादानं त्यांना लगेच ओळखलं. बैल थांबवले, बंडीवरून खाली उतरला.

"जोहार," साहेब म्हणाले. आवाज बसला होता.

"जोहार, साहेब. कुठी चालले?"

"चांद्याला."

"घाई हाय का?"

"हो," साहेब म्हणाले. "आहे. फार घाई आहे."

म्हातारा त्यांच्याकडं बघत राहिला. त्याला खरोखरच कोडं पडलं होतं.

"मंग काल काऊन नाई सांगतलं? काल तं तुमी नुसते वरडून राह्यले होते."

चैतूदादानं बिडीचं नावसुद्धा काढलं नाही, घाई होती ना. एक हाळी दिली, बंड्या झाडांत उतरल्या.

मोटारीत बसल्यावर साहेबांनी टोपीवरची धूळ झटकली. मग मागं हात केला. "वही." मी दिली.

"हे एक्केचाळीस कोणी लिहिलं?"

"आपण सांगितलंत म्हणून मीच."

"खोडा. आणि यापुढं मी असं काही सांगितलं तर ऐकायचं नाही, हा हुकूम समजा."

मी पुन्हा रबर काढला. तेवढ्या जागेवर कागद इतका झिजला होता की सोळातला एक पलीकडच्या पानावर उमटला.

लायसन राहिलं. मोटारीत नवा भोंगा बसवावा असा शेरा साहेबांनी मारलाच. खात्याचीही अब्रू असते. साहेबांना आगगाडी मिळाली आणि माझा कायमचा कागद पुढच्या महिन्यात आला.

चांद्याच्या स्टँडवर श्रावणभाऊ माझ्यामागं धावत आला. हातात पळसाच्या पानांत बांधलेली पुडी, धानोऱ्याची चारोळी.

"घरी मायले द्या. तुमी खरं लिवलं, बाबू, म्हणून वाचलो. दुसरा असता तं साहेबाच्या भेवानं काईबी लिवलं असतं."

साहेबांना मी एका वाक्यात कबूल केलं होतं. श्रावणभाऊंपाशी मात्र नाही. मी पुडी घेतली.

नागपूरला आईनं पुडी उघडली, वास घेतला, खूश झाली. "कोणी दिली रे?" "एका ड्रायव्हरनं." "कशाबद्दल?" मी हातपाय धुवायला गेलो. तिनं रविवारी खीर केली, वर चारोळी पेरली. शेजारी वाटी पाठवली, सगळ्यांनी नावाजली. मी पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

त्यानंतर धानोऱ्याला जाणं झालं नाही. आज हे लिहून टाकलं, तेवढ्यानं बरं वाटेल असा अंदाज होता. पण श्रावणभाऊ कुठं असला आणि त्याच्या कानावर हे गेलं, तर तो काय विचारेल ते मला ठाऊक आहे. चैतूदादानं साहेबांना विचारलं होतं तेच: 'मंग तवाच काऊन नाई सांगतलं?'