पाच नंबरचा दगड

गाडी माझ्या हातात आली तेव्हा जळलेली होती. पॉलिटेक्निकमधला एक सीनियर नोकरीसाठी अमरावती सोडून पुण्याला निघाला होता. खोली रिकामी करताना त्याने एक खोकं माझ्या सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि सांगितलं, मोटर गेलीय, जमलं तर बघ. आत रिमोटवर चालणारी हातभर लांब गाडी होती, मोठाल्या रबरी चाकांची. हिला क्रॉलर म्हणतात. ही पळत नाही. दगड चढते, एकेक चाक चाचपत, पालीसारखी. मी ते फक्त मोबाइलवर पाहिलं होतं, आणि पाहताना श्वास घ्यायचं विसरले होते.

बाबांना ती मुळीच आवडली नाही. बाबा शेतकरी चळवळीतले; आमच्या घरात पत्रकं लिहिली जात, तपासली जात, घडी घालून गठ्ठे बांधले जात. मी बाराखडी पाठकोऱ्या पत्रकांवर गिरवली. बाबांचा नियम होता की पहिल्या तीन ओळींत मागणी दिसली पाहिजे आणि ती एकच पाहिजे. त्या वर्षांत घरात येणारा प्रत्येक कागद कापसाच्या भावाचा, बोगस बियाण्याचा किंवा लोडशेडिंगचा असे. त्या गठ्ठ्यांशेजारी मी गाडी ठेवली तेव्हा बाबा चष्म्यावरून बघत म्हणाले, "लोकं कायच्यात मरून राह्यले, अन् तू खेळणं घेऊन आली?" तोच प्रश्न मी स्वतःलाही विचारत होते. विचारता विचारता हात मात्र स्क्रू शोधत होते.

अंगठ्याएवढी मोटर उघडायला अमरावतीत कुणी तयार नव्हतं. सगळे म्हणत, फेक आणि नवी मागव. मला हे 'फेक आणि नवी मागव' लहानपणापासून चीड आणतं. शेवटी एका दुकानदाराने सांगितलं की अकोल्यात एक चाचा आहेत, विहिरीच्या जळक्या मोटरांत नवी तार भरतात, ते करतील तर करतील. रविवारी मी बडनेऱ्याहून पॅसेंजर पकडली.

चाचांच्या दुकानाबाहेर जळालेल्या पंपांची रांग होती. प्रत्येकावर खडूने गावाचं नाव. व्होल्टेज कमी आलं की मोटरा जळतात, आणि त्या दिवसांत व्होल्टेज पुरेसं कधी यायचंच नाही. हिवरखेडहून आलेला एक शेतकरी आपल्याच मोटरीवर बसून बिडी ओढत होता. त्याचा हरभरा पाण्याला आला होता. मी मुठीतली मोटर मुठीतच ठेवली. पण चाचांनी ती पाहिली. तळहातावर घेतली, नाकाशी नेली आणि म्हणाले, "जलली. पन इमानदारीनं जलली." मग त्यांनी दुकानाचा कायदा सांगितला, "पह्यले पानी, बेटा. बाहेर कोनी बसून नसन, तवा हे."

त्या दिवशी बाहेर कायम कुणीतरी बसून होतं. पुढच्या रविवारीही. मग मी पाना उचलला आणि पंप उघडायला लागले. जळकी तार उपसून काढायची, खाचा खरवडून साफ करायच्या, तार शॉर्ट होऊ नये म्हणून कागद घालून ठेवायचा. माणसं लवकर मोकळी होऊ लागली आणि दुपारनंतर तास-दोन तास आमच्या वाट्याला येऊ लागले. सहा रविवारांत मी चाचांकडून जे शिकले ते कॉलेजच्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

मूळ मोटरीत प्रत्येक खाचेला तारेचे सत्तावीस वेढे होते. चाचांनी विचारलं, दौड पाहिजे की जोर? मी म्हटलं, जोर. त्यांनी केसासारखी बारीक तार घेतली आणि पंचावन्न वेढे भरले. मोजताना ओठ हलत होते आणि मला श्वास मोठ्याने घ्यायचीही परवानगी नव्हती. मोटर फिरली ती इतकी हळू आणि इतकी ठाम की चाचांनी तिचा दांडा चिमटीत धरून पाहिला आणि बोट मागे घेतलं. त्या क्षणापासून ती गाडी माझी एकटीची राहिली नाही.

मग आम्हाला धरबंद राहिला नाही. डावं-उजवं चाक एकत्रच फिरावं म्हणून चाचांनी दोन्ही आसांमधले, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यांमधले, गिअर पितळाचा टाका देऊन जाम केले, म्हणजे एक चाक हवेत असलं तरी दुसरं ओढत राहील. आस सांगाड्याला जोडणाऱ्या, गाडीच्या पोटाखालच्या काड्या आखूड होत्या. त्या आम्ही फवारणी पंपाच्या मोडक्या नळीपासून लांब बनवल्या. चाकांत खुर्चीच्या गादीचा स्पंज कापून भरला. पॅसेंजरमध्ये मी गाडी मांडीवर घेऊन बसायची आणि शेजारच्या बायका विचारायच्या की हे काय भाच्यासाठी नेऊन राह्यली का. मी अभिमानाने सांगायची, माझी आहे.

राहिलं वजन. गाडी दगडावर घसरत होती आणि चाचा या बाबतीत निश्चिंत होते. मोटरा भरण्याआधी त्यांनी पंधरा वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले होते. वऱ्हाडात कुणालाही विचारा, काळ्या मातीत ट्रॅक्टर फसू नये म्हणून मागच्या मोठ्या टायरांत पाणी भरतात. मागे वजन, म्हणजे पकड. आम्ही टायरवाल्याकडून शिशाचे तुकडे आणून मागच्या चाकांत चिकटवले आणि सेलांचा पॅकही मागे बांधला. सपाटीवर ती अशी चालली की आम्ही दोघं हसत सुटलो. आणि दगडावर चढवली की अर्ध्यात पुढची चाकं उचलली जायची, गाडी मागच्या मागे उलटी पडायची. आम्ही म्हटलं, जोर कमी पडतोय. पंचावन्नचे पासष्ट वेढे केले. म्हटलं, रबर कडक आहे, खाचा खोल कापल्या. मागे शिसं आणखी वाढवलं. ती आणखी दिमाखात उलटायला लागली.

याच सुमारास अकोल्याबाहेरच्या एका कॉलेजने क्रॉलरची स्पर्धा जाहीर केली. खदानीतून आणलेले सहा दगड, त्यात पाच नंबरचा सगळ्यांत अवघड. मी फॉर्म आणला. चौथ्या ओळीत लिहिलं होतं: फक्त मान्यताप्राप्त कंपनीच्या गाड्या, स्थानिक बनावटीची मोटर व जोडणी चालणार नाही.

माझं डोकं फिरलं. आमच्याकडे बियाणं कंपनीच्या पाकिटात येतं, औषध कंपनीच्या बाटलीत येतं, स्टार्टर कंपनीच्या डब्यात येतो, आणि फसलं की माणसाला सांगतात, तुम्हालाच वापरता आलं नाही. आता खेळायलासुद्धा पाकीटच पाहिजे? ज्या माणसाच्या हातांवर निम्म्या तालुक्याचं पाणी चालतं, त्याने भरलेली मोटर मैदानात नको? मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. बाबांनी ते न मागता हातात घेतलं, नऊ विशेषणं खोडली आणि म्हणाले, "मांगनी कोठी आहे? वर घे." मी वर घेतली: पाच नंबरचा दगड सर्वांसाठी खुला करा. त्यांनी छापखान्याचा पत्ता दिला. खेळणं हा शब्द ते पुन्हा बोलले नाहीत.

पत्रकं कॉलेजच्या गेटवर वाटली. संयोजक सरांनी मला आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. घरी भरलेली मोटर पेटली तर गर्दीत जबाबदार कोण, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनीच तोड काढली. स्पर्धेच्या आधीच्या रविवारी सकाळी या. तीन संधी. चढताना गाडीला हात न लावता पाच नंबर चढला तर ती ओळ खोडतो, यंदा कुणीही घरी बनवलेली गाडी आणू शकेल. नाही चढला तर ओळ राहील आणि पत्रक चूक होतं असं तुम्ही लेखी द्यायचं. मी जागच्या जागी हो म्हटलं. चाचांना विचारलंच नाही. आमची गाडी तोवर गुडघाभर उंचीचं काहीही चढलेली नव्हती, आणि मी मात्र घरी गाड्या बनवणाऱ्या, कधी न पाहिलेल्या कितीतरी लोकांना तिच्या भरवशावर बसवून ठेवलं होतं.

चाचा ऐकून एवढंच म्हणाले की पत्रक लिहिणाऱ्याला वेढे मोजावे लागत नाहीत. मला ते लागलं.

शुक्रवारी मी अमरावतीत घराच्या अंगणात विटा रचल्या, त्यांवर पाटा तिरका टेकवला आणि गाडी सोडली. उलटली. पुन्हा सोडली. उलटली. आई बाजूला तुरीच्या शेंगा सोलत होती. ती माहेरी असताना कापसाच्या बैलगाड्या भरायची, दिवसाला तीन-तीन. सातव्यांदा गाडी पाठीवर पडली तेव्हा तिने मान वर केली.

"उलाळ झाली वं ते," ती म्हणाली. "मांगं एवढं भरल्यावर धुरा उचलनारच."

उलाळ म्हणजे बैलगाडीत मागे जास्त माल भरल्यावर पुढचा भाग, धुरा, वर उचलला जातो ते. मी वैतागून तिला ट्रॅक्टरचं, टायरातल्या पाण्याचं सगळं शास्त्र ऐकवलं. तिने एक शेंग सोलून संपवली.

"ट्रॅक्टर वढते. तुई गाडी चढून राह्यली. चढावर समदं वजन आपसूकच मांगं येते, तू आनखी कायले भरते?"

मी जागेवरून उठले ते थेट फोनकडे. चढावर वजन आपोआप मागे जातं! मग शिसं पुढच्या चाकांत, सेल पुढच्या आसावर, जेवढं खाली तेवढं बरं. आईचं म्हणणं मी चाचांना एका दमात सांगितलं. ते म्हणाले की पंधरा साल ट्रॅक्टरखाली झोपलोय, बैलगाडीनं मला शिकवू नको. गाडी तर त्यांच्याकडे हवी होती, शेवटचे टाके द्यायला. मी शनिवारी कॉलेज बुडवून ती पोचवली, शिसं काढून दाखवलं, हात जोडले. त्यांनी पंप उघडता उघडता फक्त मान हलवली.

रविवारी सकाळी आठला आम्ही मैदानावर होतो. पाच नंबरचा दगड माझ्या कमरेएवढा, काळा, मधे एक उभी पायरी. सर खुर्ची टाकून बसले होते, हातात तो फॉर्म आणि पेन. चाचांनी पिशवीतून गाडी काढली आणि मी पाहिलं. शिसं पुढच्या चाकांत होतं. सेल मात्र जिथल्या तिथे, मागे.

"आधा तुज्या अम्मीचा," ते म्हणाले, "आधा माजा."

भांडायला वेळ नव्हता. मी रिमोट धरला. गाडी फार सुंदर चढायला लागली. एवढ्या उंचीवर ती कधीच पोचली नव्हती, आज थेट पायरीपर्यंत पोचली. पुढची चाकं कडेवर टेकली, पकडली, आणि मग नाक हळूच आभाळाकडे गेलं. ती पाठीवर पडून खाली आली. एक संधी गेली.

दुसऱ्यांदा मी घाई केली आणि ती कडेवरून बाजूला कलंडली. ती चूक निव्वळ माझी होती. सरांनी पेनाचं टोपण लावलं.

चाचा उठले. गाडी मांडीवर घेतली, सेलांचा पॅक सोडवला, पुढच्या आसाला अगदी चिकटून ठेवला आणि काळ्या टेपचे वेढे द्यायला लागले. त्यांचे ओठ हलत होते. ते टेपचेही वेढे मोजत होते.

तिसऱ्यांदा मी बोट इतकं हळू दाबलं की मोटर नुसती गुरगुरली. पायरी आली. पुढची चाकं कडेवर टेकली, नाक खालीच राहिलं, वजनाने दगडाला दाबून. मागची चाकं फिरली, घसरली, पुन्हा फिरली. एक मागचं चाक हवेत गेलं आणि टाका दिलेल्या आसावरचं दुसरं ओढत राहिलं. चाचा माझ्या कानाशी "रुक, रुक, अब दे" म्हणत होते आणि मी देत होते. गाडी वर गेली. सगळीच्या सगळी, चारही चाकांनी, दगडाच्या माथ्यावर जाऊन उभी राहिली. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. बहुतेक घोषणाच असावी, कारण मला ओरडायची तेवढीच सवय होती.

सरांनी टोपण काढून चौथी ओळ खोडली, खाली सही केली आणि कागद माझ्याकडे दिला. मग खुर्ची सोडून दगडाजवळ आले, गाडीखाली वाकून पाहत त्यांनी विचारलं की मोटर किती वेढ्यांची आहे.

 पण चाचा गाडी उतरवून पुन्हा जमिनीवर बसले, टेप सोडायला लागले. "बेटा," ते मला म्हणाले, "मांगं अजून येक तुकडा राह्यला होता शिश्याचा. कालच काढाले पाह्यजे होता. फोन लाव घरी, अम्मीले विचार, किती पुढं घेऊ."