मी बंद केलेला गूळ

नात्यात माझी ओळख आता एवढीच उरली आहे, की याने मावसभावाचा गूळ तोडला. लग्नाच्या पंगतीत बसलो की कुणीतरी वाढप्याला सांगतं, यांना जिलबी जपून वाढा, गोडाचा हिशेब ठेवतात. मंडळी हसतात. पूर्वी मी पानावरून उठून जायचो. आता गुमान जेवतो.

हा गूळ कुठून आला ते सांगतो. देवरूखकडच्या आमच्या गावाजवळ चिरेखाण होती. माझे वडील आणि मावशीचे यजमान तिथे जांभ्याचे चिरे काढायचे. संध्याकाळी काम सुटलं की मालक प्रत्येकाच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायचा. गुळाने घशातली धूळ उतरते, अशी सगळ्यांची समजूत. मजुरी थकली तर माणसं एकवेळ गप्प बसत, पण गूळ चुकला तर मालकाला तोंडावर ऐकवत. पुढे मी आणि मावसभाऊ रत्नागिरीत आलो, लोकांच्या स्वयंपाकघरात कडाप्प्याचे ओटे घालू लागलो, मग ग्रॅनाइटचे. शहराबाहेर माझं स्वतःचं वर्कशॉप झालं, तो माझा मिस्त्री झाला, आणि खाणीवरची ती चालही आमच्यासोबत आली. कोल्हापुरी गुळाची ढेप मी दुकानदाराशी भांडून आणायचो. संध्याकाळी खडे तो वाटायचा.

मग मुंबईत कमावून इकडे घर बांधणारी माणसं मोबाइलवर पांढरेशुभ्र ओटे दाखवू लागली. तो दगड डोंगरातून निघत नाही. गारगोटीची पूड आणि चिकट रसायन एकत्र दाबून कारखान्यात त्याच्या स्लॅब पाडतात. पहिल्यांदा विक्रेता नमुने घेऊन आला तेव्हा मी सवयीने खोट शोधायला लागलो. खोट सापडली की भाव पडतो. म्हटलं, देवाने केलेला ग्रॅनाइट स्वस्त आणि तुमचा हा पिठाचा धोंडा महाग, हे कसं काय? तो चिडला. म्हणाला, यात जवळजवळ सगळी गारगोटीच आहे, ग्रॅनाइटमध्ये ती कितीतरी कमी असते, म्हणून तर याला ओरखडा पडत नाही. मी म्हटलं, मग कापणाऱ्याचं काय? तेव्हा त्याचा आवाज खाली आला. हा कोरडा कापू नका, ही धूळ छातीत बसते आणि निघत नाही, एवढं तो बोलून गेला. मी त्याच वाक्यावर बोट ठेवून भाव पाडून घेतला. भाव पडला, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

चिऱ्याची धूळ तांबडी. थुंकलं की दिसते, दिसली की माणूस चूळ भरतो. ही धूळ तांदळाच्या पिठासारखी, आणि डोळ्यांना दिसते ती जाड. खरी बारीक धूळ दिसतच नाही. पत्र्याच्या फटीतून ऊन आत आलं की तेवढ्या पट्ट्यात ती तरंगताना दिसायची. मशीन बंद करून चहा पिऊन आलो तरी ती तिथेच.

मी पाणी सोडत कापणारं कटिंग मशीन घेतलं. मे महिन्यात टँकर मागवून त्याची टाकी भरली, गाळ बसवून तेच पाणी पुन्हा फिरवलं. कोरडा झाडू बंद केला, हवेच्या नळीने कपडे झटकणं बंद केलं. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन ग्राइंडर चालवणं तर साफ बंद. माप घ्यायचं, पुठ्ठ्यावर साचा काढायचा, सिंकचं भोक वर्कशॉपमध्येच पाण्याखाली कापायचं. गिऱ्हाइकं भांडली. गणपती तोंडावर आले असताना सगळ्यांना ओटा उद्या हवा असतो, आणि बाजूचा वर्कशॉपवाला घरी येऊन तासाभरात भोक पाडून देत होता. कितीतरी कामं त्याच्याकडे गेली. मीही भांडलो, पण ऐकलं कुणी नाही.

ते सोसलं. मावसभाऊ सोसवला नाही. फिल्टरचा मास्क तो नाकावर ठेवायचाच नाही. आपल्याकडच्या दमट हवेत त्याने गुदमरतं हे खरं, पण त्याचा मुद्दा वेगळाच होता.

"मळणीच्या बैलाला मुसकी घालतात, दाणे खाऊ नये म्हणून," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "मी काय खाणार आहे रे? तुझा दगड?"

"तोच खातोस रोज."

"खातो, आणि वर गूळ खातो. माझ्या बापाला काय झालं?"

त्याच्या बापाला काय झालं, हे आम्हा दोघांना माहीत होतं. शेवटची वर्षं ते पडवीत बसून झोपायचे, आडवं झालं की खोकला यायचा. पण त्या काळी गावात त्याला दमा म्हणत, आणि दमा कुणालाही होतो.

मावसभाऊ खोकू लागला तसा मी त्याला भांडतभांडत छातीच्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी छातीचा फोटो काढला, उजेडासमोर धरला. मग विचारलं, कामावर काळजी काय घेता? हा ऐटीत म्हणाला, रोज गूळ. डॉक्टर शांतपणे म्हणाले, गूळ जातो पोटात, धूळ जाते फुप्फुसात, दोन्हींचे रस्ते वेगळे. आत जे व्रण झालेत ते जायचे नाहीत. निदान आणखी भर नको, आजपासून धुळीतून बाहेर पडा.

वर्कशॉपमध्ये आल्यावर माझं डोकं फिरलं. ढेप उचलली आणि बाहेर फेकली. गुळाच्या भरवशावर इथे कुणी धूळ खायची नाही, म्हटलं. आणि त्याला सांगितलं, उद्यापासून तू मापं घ्यायचीस, साचे काढायचेस, मजुरी तीच राहील, पण कटरला हात लावायचा नाही.

त्याने कपडे बदलले आणि निघून गेला. बाजूच्या वर्कशॉपवाल्याने त्याला त्याच आठवड्यात ठेवून घेतला. तिथे कोरडं काम, आणि संध्याकाळी गूळ. मिस्त्रीच्या हातात टेप देऊन मी त्याला पोऱ्या केला, गुळाचा खडासुद्धा मला जड झाला, असं तो गावभर सांगत फिरला. लोकांना ते पटलं. जो माणूस कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करतो, तो गूळ तोडेलच की. फोटोबद्दल त्याने कुणालाच सांगितलं नाही. घरीसुद्धा नाही. मीही सांगितलं नाही, कारण छाती त्याची, सांगायचं तर त्याने. आजतागायत नात्यात कुणाला हे माहीत नाही.

या पावसाळ्याआधी त्याच्या घरून वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "भावोजी, हे पाखाडी चढताना तीनदा बसतात. तुमच्यात काय झालं ते मला नको. तुम्ही या."

गेलो. रस्त्यापासून त्याच्या घरापर्यंत चिऱ्यांच्या पायऱ्यांची ती पाखाडी. तो निम्म्या वाटेवर कडेच्या दगडी गडग्यावर बसला होता. मी शेजारी बसलो. आयुष्यात मी पुष्कळ सौदे केले, पण समोरच्याला त्याचाच श्वास विकत घ्यायला लावण्याचा हा पहिलाच. म्हटलं, परत ये, टेप घे. नाही म्हणाला. हेडमिस्त्री म्हणून ये, मजुरी वाढवतो. नाही. पोरांना शिकव, बसून. नाही. माझा आवाज चढला, त्याचा चढला, आणि त्याला खोकला आला. तो थांबेपर्यंत मी समोरच्या माडाकडे बघत राहिलो.

"गूळ चालू करशील?" त्याने विचारलं.

डॉक्टर काय म्हणाले ते मला पाठ होतं. त्यालाही पाठ असणार.

"करतो."

"सगळ्यांदेखत द्यायचा. तूच."

"देतो. पण कटरला हात नाही."

"नाही लावत."

दुसऱ्या दिवशी ढेप आणली. दुकानदाराने सांगितला तो भाव दिला, तर त्याने दोनदा माझ्या तोंडाकडे बघितलं. आता संध्याकाळी मशीन थांबलं, ओला पोछा मारून झाला, मास्क धुऊन टांगले की मी एकेकाच्या हातावर खडा ठेवतो. पहिला त्याच्या. तो दिवसभर मापं घेतो, साचे काढतो, कटरजवळ जात नाही. शब्द पाळलाय. खडा तोंडात टाकून म्हणतो, बघ, घसा कसा मोकळा झाला. मी मान हलवतो.

गणपतीत आरतीनंतर चुलत्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, उशिरा का होईना, याला अक्कल आली, गूळ सुरू केला. मावसभाऊ माझ्या शेजारी उभा होता. त्याने प्रसादाचं ताट माझ्यापुढे धरलं. मी प्रसाद घेतला.

डॉक्टरांनी पुढचा फोटो काढायला बोलावलं आहे. हा म्हणतो, गूळ चालू झालाय आता, फोटो कशाला? रोज सकाळी टेप त्याच्या हातात देताना मी तेवढंच विचारतो, फोटोला कधी जायचं? अजून सौदा तुटलेला नाही.