एंड लाइनवरचा खांब

"मास्तर, हात नोका लावू जी. रंग ओला आहे."

नामदेवराव कापगते ब्रश घेऊन माझ्यापुढे उभे. त्यांच्या मागे बास्केटबॉलचा खांब उन्हात नव्या भांड्यासारखा चकाकत होता. रायपूरच्या टीमला स्टेशनवरून घेऊन मी नुकताच ग्राउंडवर पोचलो होतो. त्याच संध्याकाळी सीझनचा शेवटचा सामना होता. नवं विद्यापीठ, पहिलाच सीझन, आणि आम्ही अन् रायपूर अगदी बरोबरीत. जो जिंकेल त्याची ट्रॉफी.

"बोरे कुठे गेले?" मी विचारलं.

"सोडले ना. रंग मारायचा होता."

बोरे, म्हणजे खांबाला बांधलेली तागाची पोती, कुंपणापाशी पडले होते. दोन गाई त्यांत तोंड खुपसून पैरा खात होत्या. पैरा म्हणजे भाताचं तणस, इकडे छत्तीसगडात असंच म्हणतात. माझं टाळकंच सरकलं. पण नामदेवराव वयानं मोठे, आणि सुट्टीच्या दिवशी घरचं काम सोडून आलेले. म्हणून तोंडावर आलेली शिवी मी गिळली.

त्या बोऱ्यांचं महत्त्व कळायला थोडं मागं जावं लागेल.

मी कॉलेजात पी. टी. मास्तर. आज स्मृतिनगरच्या घरात पेन्शन खात बसलोय, तेव्हा शिट्टी आणि खाकी हाफपँट एवढीच माझी ओळख होती. भिलाईचा पोलादाचा प्लँट तेव्हा अर्धा जमिनीवर आणि अर्धा ड्रॉइंगवर होता. गावभर लाल धूळ. दर काही दिवसांनी कोणीतरी वरून पडल्याची, कोणीतरी खाली दबल्याची बातमी यायची. लोक हळहळायचे आणि पुढच्या शिफ्टला जायचे. दुसरं करणार काय!

अशा गावात बास्केटबॉल कोणाला ठाऊक? सामान विकत घ्यायची सोय नव्हती. प्रिन्सिपल साहेबांनी नामदेवरावांना गाठलं. ते फॅब्रिकेशन शॉपमध्ये फोरमन. मूळचे साकोलीकडचे, घरची धानाची शेती भावावर सोपवून प्लँटमध्ये आलेले. लोखंड कापून, जोडून जे उभं करायचं ते या शॉपचं काम. त्यांचा मुलगा सुधाकर माझ्या टीमचा कॅप्टन. सुरुवातीला बाप त्याला म्हणायचा, "चेंडू फेकून का पोट भरते, बे?" पण एकदा सामना पाहिला आणि माणूस पार बदलला. फर्स्ट शिफ्ट सुटली की बूट न काढता सरळ ग्राउंडवर.

खांब त्यांनी मनापासून केले. कारखान्याच्या छपराला लागते तसली जाड जॉइस्ट, म्हणजे इंग्रजी आय अक्षरासारखी लोखंडी तुळई. बोर्डसुद्धा लाकडाचा नाही, पोलादी प्लेटचा. चेंडू लागला की ठण्ण! बाहेरची पोरं त्या आवाजानंच दचकायची.

चूक एकच झाली. कोर्टाच्या टोकाला जी आडवी रेघ असते तिला एंड लाइन म्हणतात. खांब या रेघेच्या चांगला बाहेर असावा लागतो आणि बोर्ड लांब हातावर आत लोंबायला हवा. कारण बास्केटखाली पोरगा पळत येतो, उडी मारतो, आणि उतरल्यावर त्याला थांबायला जागा लागते. मी विद्यापीठाच्या कॅम्पला जबलपूरला गेलो होतो. मागे कोर्टाचं ड्रॉइंग नामदेवरावांच्या हाती पडलं. आयुष्यभर कारखान्याची ड्रॉइंगं वाचलेला माणूस. त्यांच्या कामात रेघ म्हणजे कॉलमची, उभ्या खांबाची, सेंटर लाइन. रेघ दिसली की कॉलम तिच्यावर उभा करायचा. त्यांनी केला. ओळंबा लावून, त्यांच्या भाषेत प्लंबमध्ये, सुतात, अगदी एंड लाइनच्या डोक्यावर. त्यांच्या सगळ्या शॉपनं हेच केलं असतं.

मी परत आलो तेव्हा पायाचं काँक्रीट भरून झालं होतं.

"नामदेवराव, हे काय करून ठेवलं?"

"काहून? प्लंबमंदी नाही का?"

"प्लंबमध्ये आहे हो. पण पोट्टे याच्यावर आपटतील ना!"

त्यांनी खांबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना खरंच समजलं नव्हतं. "एवढा मोठा खांब आहे जी. दिसते ना त्यायले," ते म्हणाले.

मी प्रिन्सिपल साहेबांकडे गेलो. ते हिंदीतच बोलायचे. "मास्टरजी, अब उखाड़ेंगे तो पूरा सीज़न निकल जाएगा. इस साल चला लीजिए."

रेघ आत घ्यावी तर बोर्डच रेघेच्या डोक्यावर येत होता, मग खेळणार कुठे? शेवटी मी सिमेंटचे रिकामे तागाचे बोरे आणले. जवळच्या उतई गावचा भुवन साहू टीममध्ये होता, तो सायकलवर घरून पैरा घेऊन आला. बोरे ठासून भरले आणि सुतळीनं खांबाला गुंडाळले, गुडघ्यापासून छातीपर्यंत. दिसायला अगदी बुजगावणं. पण काम केलं. पहिल्याच सामन्यात बिलासपूरचा एक पोरगा धाडकन आदळला आणि हसत उठला.

मग पोरांना त्याची सवय लागली. विशेषतः सुधाकरला. बॉल आपटत सुसाट जायचं, उडी मारून बोर्डाला बॉल लावायचा, आणि उतरता उतरता बोऱ्यावर अंग टाकून थांबायचं. याला ले-अप म्हणतात. बाकीचे बास्केटजवळ आले की वेग कमी करतात. सुधाकर करायचा नाही, बोरा त्याचा ब्रेक होता. म्हणून तर तो कोणाला सापडायचा नाही. अर्धा सीझन त्याच्या त्या वेगावर आम्ही काढला. रायपूरला त्यांच्या कोर्टावर हरलो, बाकी कोणाकडून नाही. रायपूरवालेही एकदाच हरले, बिलासपुरात. विद्यापीठाची टीम निवडणारे साहेब या शेवटच्या सामन्याला येणार होते. भिलाईचा पहिला पोरगा विद्यापीठाकडून खेळणार, हे गावात सगळे धरूनच चालले होते. नामदेवराव तर शॉपमध्ये सांगत सुटले होते.

म्हणूनच तो रंग. पोराच्या मोठ्या दिवशी खांब कसा झकास दिसला पाहिजे!

"भुवन, पैरा आण. जिथं मिळेल तिथून," मी ओरडलो. "रंग गेला खड्ड्यात. बोरे बांधायचेच."

नामदेवरावांचं तोंड उतरलं. पण ते म्हणाले, "बांधा जी. मी परत मारीन रंग."

त्यांनी स्वतः एक बोरा उचललाही होता. तेवढ्यात प्रिन्सिपल साहेब आले. प्लँटचे मोठे साहेब पाहुणे म्हणून येणार होते. फोटोग्राफर ठरला होता.

"यह बोरा-वोरा आज नहीं, मास्टरजी. गोदाम लगता है."

"साहेब, बिना बोरे के खेलना ठीक नहीं. लड़के को लगेगा."

"लड़के अंधे हैं क्या?"

"तो मैच कल रखिए."

"मेहमान से आप कहेंगे? कहिए."

मी म्हटलं, सांगतो, पाहुण्यांना मीच सांगतो. साहेबांचा चेहरा लाल झाला. मॅच होणार आणि बोरे लागणार नाहीत, हा माझा हुकूम आहे, असं ते शिपायासमोर, पोरांसमोर बोलले. पंचांकडे गेलो. पंच म्हणाले, यजमान कॉलेजानं कोर्ट दिलं, पाहुण्या टीमची तक्रार नाही, मी काय करू? रायपूरवाल्यांची तक्रार कशाला असेल? ते बास्केटजवळ वेग कमी करणारे लोक. हात चोळत बसलो. आजही तो दिवस आठवला की अंगाचा तिळपापड होतो.

सुधाकरला बाजूला घेतलं. "आज आत घुसायचं नाही. दुरून मार."

"मास्तर, मले काय तो खांब नवा आहे? रोज त्याच्याच खाली तर खेळून राहिलो."

"खांबाखाली नाही, बोऱ्यावर खेळून राहिला तू. दुरून मार म्हणतो ना!"

"हो जी," तो म्हणाला.

आणि त्यानं ऐकलं. हे मला सांगितलंच पाहिजे, कारण नंतर लोक म्हणाले पोरगा मस्तीत होता. अजिबात नाही. पहिला हाफ तो दुरूनच खेळला. दुरून त्याचा नेम बेताचा. आम्ही मागे पडलो. दुसऱ्या हाफमध्ये भुवननं दोन-चार बास्केट टाकून आम्हाला जवळ आणलं. मग कधी ते पुढे, कधी आम्ही. ग्राउंडभोवती शिफ्ट सुटलेली माणसं सायकली धरून उभी. नामदेवराव चुन्याच्या रेघेला खेटून. त्यांच्या हातावरचा चंदेरी रंग अजून निघाला नव्हता.

शेवटचं मिनिट, त्यातलेही शेवटचे काही सेकंद. आम्ही एका पॉइंटनं मागे. बॉल सुधाकरकडे आला आणि समोर रस्ता मोकळा. तिथं कोणता खेळाडू दुरून मारेल? पाय आपोआप पळाले. सुसाट. त्यानं उडी घेतली, आणि मागून रायपूरच्या पोराचा धक्का लागला. मुद्दाम नव्हता, तोही बॉललाच झेपावला होता. बॉल बोर्डावर ठण्ण वाजून बाहेर गेला. सुधाकर उतरला तो सवयीनं अंग टाकूनच. बोरा असायचा तिथं जॉइस्टची धार होती. गुडघा सरळ तिच्यावर गेला.

तो आवाज मी सांगत नाही.

पोरगा खाली बसला आणि पायाकडे पाहत राहिला. नामदेवराव धावत आले, त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "काही नाही बेटा, काही नाही," एवढंच म्हणत होते. गुडघ्याला रक्त, आणि रक्तात चंदेरी रंग.

पंचानं फाउल दिला होता. शॉट मारताना फाउल झाला की दोन फ्री थ्रो मिळतात. म्हणजे रेघेवर उभं राहून, कोणी न अडवता, दोन वेळा बॉल टाकायचा. जखमी पोरगा उभा राहू शकत नसेल तर त्याचा बदली खेळाडू टाकतो. बदली म्हणून बाकावर कोण होतं? भुवन. दमला म्हणून मीच त्याला थोड्या वेळापूर्वी बसवला होता. सुधाकरला स्ट्रेचरवर घेतलं, तेव्हा भुवन रेघेवर उभा राहून रडत होता. रडत रडत त्यानं दोन्ही टाकले. आम्ही एका पॉइंटनं जिंकलो.

लोक नाचले. प्रिन्सिपल साहेबांचं भाषण झालं म्हणे. फोटोही निघाला. त्यात मी नाही, सुधाकर नाही, आणि भुवनही नाही. आम्ही हॉस्पिटलात होतो.

डॉक्टरांनी जखम धुताना विचारलं, "ये सफ़ेद-सफ़ेद क्या है?"

नामदेवरावांनी आपले हात पुढे केले. डॉक्टर समजले की नाही, कोण जाणे.

गुडघ्याच्या वाटीचे तुकडे झाले होते. ते काढावे लागले. रंग आत गेला होता, म्हणून जखम चिघळली. पाय वाचला, पण पुन्हा वाकला नाही. शेजारच्या कॉटवर प्लँटमध्ये पडलेला एक खलाशी, म्हणजे जड सामान चढवणारा मजूर, होता. त्याच्या बायकोनं सुधाकरच्या आईला विचारलं, "कोणत्या शॉपमंदी लागलं पोराले?" माउली पदर तोंडाला लावून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलातून सरळ ग्राउंडवर गेलो. नामदेवराव आधीच तिथं होते. गॅस कटिंगचा सेट हातगाडीवर घालून आणला होता. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात लोखंड कापायची टॉर्च. खांब बुडातून कापायला घेतला होता. ठिणग्या चुन्याच्या रेघेवर पडत होत्या. प्रिन्सिपल साहेब लांबून ओरडले, "यह कॉलेज की प्रॉपर्टी है, कापगतेजी!" नामदेवरावांनी मान वर केली नाही. साहेब ऑफिसात निघून गेले.

खांब पडला. नामदेवरावांनी टॉर्च बंद केली, चष्मा कपाळावर सरकवला.

"मास्तर," ते म्हणाले, "तुमी मले सांगतलं होतं. मले समजलंच नाही जी. प्लँटमंदी कॉलमकडे कोणी धावत येत नाही."

आम्ही दोघांनी मिळून खांब ओढत कुंपणापाशी नेला.

नवे खांब त्यांनीच केले. रेघेपासून चांगले लांब, पुढे वाकलेला हात, त्यावर लाकडी बोर्ड. रंग काळा. विद्यापीठाची टीम आमच्या गावातून कोणालाही न घेता गेली. सुधाकरला पुढे प्लँटच्या टाइम ऑफिसात बसून हजेरी लिहायची नोकरी मिळाली. भुवन त्यानंतर कॉलेजकडून खेळला नाही, मी घरी जाऊन हात जोडले तरी नाही.

मी नोकरी संपेपर्यंत एक नियम पाळला. कोणत्याही कोर्टावर गेलो की आधी खांबाला पाठ लावून उभा राहायचो आणि रेघ कुठे आहे ते पाहायचो. जागा कमी दिसली की टीम उतरवायची नाही, मग समोर प्रिन्सिपल असो की मंत्री. दोन ठिकाणी यासाठी मेमो खाल्ला. आणि सामन्याच्या दिवशी कशालाच रंग लावू दिला नाही.

सुधाकर नोकरीला लागल्यावरही ग्राउंडवर येत राहिला. ताठ पाय टेबलाखाली लांब करून तो टाइमकीपर म्हणून बसायचा. खांब आता लांब होते, तरी मी बोरे बांधायचोच. दर सामन्याच्या आधी तो घड्याळावर अंगठा ठेवून मला हाक मारायचा, "मास्तर, बोरे?"

मी म्हणायचो, "बांधले." मगच तो घड्याळ सुरू करायचा.