उस्तादांचे हात, आमची मान

शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या एका संगमरवराच्या वर्कशॉपमध्ये मी सुपरवायझर म्हणून लागलो. सहा महिने प्रोबेशन. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे आमचे इटालियन उस्ताद सांगतील, असं कोल्हापूरच्या मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं. पण कटिंग मशीनच्या आवाजात कुणाचं काही ऐकू येत नसे. त्यामुळे उस्ताद सगळं हातांनीच बोलत.

पाची बोटांची चोच करून मनगट वरखाली हललं, की ‘हे काय करून ठेवलंय?’ हनुवटीखालून बोटं पुढे झटकली, की ‘माझं काय जातंय!’ गालाला बोट लावून फिरवलं, की जेवण झकास. माझ्या हातची आमटी तीनदा चाखूनही ते बोट गालापर्यंत गेलं नाही. माझ्या वाट्याला रोज चोच.

त्यांचा राग माझ्या मानेवर होता. लादी तयार आहे का विचारलं, की मी आपली मान डोलवायचो. एकदा मशीन बंद करून ते म्हणाले, “तुम्हारा नेक यस भी बोलता है, नो भी. हबीबी, हाथ यूज करो.” मला भयंकर राग आला. आमच्याकडे या मानेवर लग्नं ठरतात, शेंबडं पोरही ती ओळखतं, असं मी ठणकावलं.

सहाव्या महिन्यात उस्ताद ओल्या फरशीवर घसरले. उजवा हात प्लास्टरमध्ये, डावा काठीवर. मग त्यांच्या वतीने कामगारांना चोच मी दाखवू लागलो. मनगट ढिलं पडलं, की ते डोळे वटारत. आठवड्याभरात मला ते इतकं जमलं, की कामगार माझ्याशी बोलेनासे झाले.

शेवटच्या दिवशी मालक कागद घेऊन आले. मशीन चालूच होतं. माझ्याकडे बोट करून ते उस्तादांच्या कानाशी ओरडले, “कन्फर्म करें?”

उस्तादांचे दोन्ही हात अडकलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश मान डोलवली. या खांद्याकडून त्या खांद्याकडे, थेट आमच्यासारखी.

हो म्हणाले, की नाही? सहा महिने जिची वकिली केली, ती मान मलाच कळेना. घाबरून माझा हात आपोआप वर गेला, पाची बोटांची चोच झाली आणि उस्तादांसमोर वरखाली हलू लागली.

मालकांनी तोवर सही केली होती. ते कोल्हापूरचे, त्यांना मान कळली.