हातावरची सुकडी

मुंबईत, ऑफिसांच्या गर्दीतल्या फ्रेंच पद्धतीच्या पेस्ट्री-दुकानात भाजक्या पिठाचा गोड वास आला आणि मला बहात्तरच्या दुष्काळातली सुकडी आठवली.

तेर गावाजवळ तलावाच्या दुष्काळी कामावर आई आणि मी माती वाहायचो. दुपारी मुकादम सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचा गोड भुगा, वाटायचा. इतरांना हातावर, आम्हा बौद्धांना वरून पदरात. त्या दिवशी आईनं हात पुढं केला.

“हातावर द्या की मुकादम. माज्या हातची माती बरी चालती तुमाला!”

“लई बोलाया लागलीस!” म्हणत त्यानं सुकडी मातीत सांडली.

काम जाईल या भीतीनं मीच म्हणालो, “चुकलं तिचं, मालक.”

आई उपाशीच पाटी उचलून गेली.

मुकादमाचा संताप अजून येतो. त्याहून जास्त माझा स्वतःचा येतो. पदवीधर झाल्यावर मी गावभर आभार मानत फिरलो. आईची माफी मात्र कधीच मागितली नाही.