मुरबाडच्या रोपवाटिकेची वेबसाइट

सकाळी साडेनऊच्या सुमारास फोन वाजला आणि पलीकडून गुरुजी म्हणाले, “मॅडम, फणस खाली घसरलाय.”

गुरुजी म्हणजे मुरबाडकडचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. नोकरी संपल्यावर त्यांनी रस्त्यालगतच्या आपल्या जमिनीत रोपवाटिका काढली होती. आंब्या-फणसाची कलमं, जांभूळ, बांबू, आणि रानातून बी गोळा करून वाढवलेली औषधी झाडं. त्या रोपवाटिकेची वेबसाइट मी करत होते. मजकूर म्हणून त्यांनी मला रोपवाटिका काढल्यापासून लिहीत आलेल्या चार लाँगबुक दिल्या होत्या. प्रत्येक झाडाला एक पान, वळणदार अक्षर, खाडाखोड नाही. इतका नीट मजकूर मला आजवर कोणत्याही गिऱ्हाइकाने दिला नव्हता, म्हणून हे काम सुरळीत होईल असं मी धरून चालले होते.

मी वेबसाइट उघडली. फणस जागेवर होता. लॅपटॉपवर होता, माझ्या फोनवर होता, आईच्या फोनवरही होता.

“गुरुजी, इथे तर बरोबर दिसतोय.”

“नाय ओ. घसरलाय. नाव एकीकडे, झाड एकीकडे.”

मी चित्र थोडं वर घेतलं. दुपारी पुन्हा फोन. “आता आंबा गेला.”

हे तीन आठवडे चाललं.

मी खर्डीजवळच्या आमच्या गावात घरी बसून वेबसाइट बनवते. आधी पाच वर्षं ठाण्याला एका कंपनीत होते. जाण्यायेण्यातच अर्धा दिवस जायचा, म्हणून नोकरी सोडली. आता माझी मीच मालक, असं सगळ्यांना सांगितलं. पण घरी बसलेल्या बाईला काम असतं, हे आमच्या आळीत कुणाला पटत नाही. आई स्वयंपाकघरातून हाक मारते, “गो, घरीच हायेस ना, मग गॅसवाला आला की सिलिंडर घे.” शेजारची वहिनी मुलीच्या स्कॉलरशिपचा फॉर्म घेऊन येते. बाबांचे मित्र विहारातल्या कार्यक्रमाची पत्रिका ‘पाच मिनिटांत’ करून मागतात. आणि प्रत्येकजण शेवटी विचारतो, प्रिंट पण काढशील ना? माझ्याकडे प्रिंटर नाही. हे सांगून सांगून तोंड दुखलं. त्यात रस्त्याच्या कामाचा जेसीबी आमच्या इंटरनेटची केबल महिन्यातून एकदा तरी उपटतो. मग मी लॅपटॉप घेऊन मागच्या दारातल्या पायरीवर बसते, कारण मोबाइलची रेंज फक्त तिथेच येते, आणि तिथेच आईची वाळवणंही असतात.

अशा पायरीवर बसून मी गुरुजींचा फणस वर-खाली करत होते.

कामाची एक शिस्त मी कंपनीतच शिकले होते. फोनवर जे ठरेल ते लगेच लिहून पाठवायचं आणि समोरच्याचं ‘हो’ लेखी घ्यायचं, म्हणजे नंतर ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ हा वाद होत नाही. गुरुजींनाही मी प्रत्येक वेळी मुद्द्यांसह मेसेज पाठवत होते. फोटोचा आकार अमुक, नावं चित्राच्या खाली, पहिल्या पानावर सहा झाडं. चालेल का? त्यावर त्यांच्याकडून जोडलेल्या हातांचं चित्र यायचं. मी ते ‘हो’ समजायचे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मुद्द्यांवर नवी तक्रार. अक्षरांची गर्दी झालीय. अर्धा शब्द उजवीकडे पळालाय. बटण कुठे आहे तेच सापडत नाय.

“गुरुजी, तुम्हाला जे दिसतंय त्याचा स्क्रीनशॉट पाठवा,” मी एकदा म्हटलं.

“हो हो, पाठवतो.”

तासाभराने फोटो आला. काळ्या पिशवीतलं फणसाचं खरंखुरं कलम, आणि मागे शेडनेटची जाळी. खाली आवाजातला निरोप, “हा बघा आपला फणस.”

मी फोन पायरीवर इतक्या जोरात ठेवला की आईने आतून विचारलं, काय पडलं?

आता खरं सांगायचं तर माझी खात्री झाली होती की गुरुजींना ठरवताच येत नाहीये. असे लोक असतात. त्यांना काय नको ते कळतं, काय हवं ते कळत नाही. मी सगळी मांडणी मोडून नवी केली. तीही त्यांना पटली नाही. तिसरी केली. तिच्यावर ते म्हणाले, “पहिली बरी होती, पण तीही घसरलेलीच होती.”

त्या सकाळी लाइट नव्हती, बॅटरी संपत आली होती, आणि वहिनी फॉर्म घेऊन दारात उभी होती. मी फोनवर म्हणाले, “गुरुजी, तुम्हाला नक्की काय हवंय ते तुमचं तुम्हालाच माहीत नाही. मी तरी काय करू?”

ते हळू म्हणाले, “असेल तसं,” आणि त्यांनी फोन ठेवला.

दोन दिवस फोन आला नाही. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी टेबलावरच्या त्या चार वह्या दिसायला लागल्या. हे काम सोडायचं असं मी ठरवलं, पण वह्या त्यांच्या हातात नेऊन द्यायला हव्या होत्या. त्या कुरियरने पाठवायला जीव होईना. तिसऱ्या दिवशी मी रिक्षाने शहापूरला आले आणि तिथून मुरबाडची एसटी धरली. सबंध वाटेत मी काय बोलायचं ते मनात घोकत होते. ‘गुरुजी, आपलं जमणार नाही. तुम्ही दुसरं कोणीतरी बघा.’

रोपवाटिकेत पोचले तेव्हा ते शेडनेटखाली बसून पिशव्यांमध्ये माती भरत होते. मी नमस्कार केला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पण ओळखलं आवाजावरून. “अरे, मॅडम! तुमी एवढ्या लांब कशाला आलात?” त्यांनी घरात हाक मारून पाणी आणायला सांगितलं. त्यांच्या पत्नी तांब्या घेऊन आल्या.

मी वह्या पिशवीतून काढल्या. घोकलेलं वाक्य काही निघेना. म्हणून म्हटलं, “गुरुजी, एकदा तुमच्या फोनवर दाखवा बरं काय दिसतं ते.”

त्यांनी हात पुसले, खिशातून फोन काढला आणि वेबसाइट उघडली. मग तो माझ्याकडे देण्याआधी सवयीने आपल्या डाव्या डोळ्यासमोर धरला. इतका जवळ, की नाकाला टेकला.

मी फोन हातात घेतला. त्यावरची अक्षरं जितकी मोठी करता येतील तितकी मोठी केलेली होती. एका ओळीत दोन शब्द मावत होते. माझी ती नीटनेटकी पानं पार फुटली होती. ‘फणस’ हे नाव चित्रावर चढलं होतं, चित्र खालच्या आंब्यावर घसरलं होतं, आणि ‘संपर्क करा’ हे बटण पडद्याबाहेर गेलं होतं. गुरुजींनी तीन आठवडे मला जे जे सांगितलं होतं, ते शब्दशः खरं होतं.

“गुरुजी, अक्षर एवढं मोठं का ठेवलंय?”

ते पुन्हा पिशवीत माती भरायला लागले. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “दोनी डोल्यांना मोतीबिंदू हाय. दोन वर्सं झाली. कोणाला सांगत नायत.”

“तू गप गो,” गुरुजी म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “गिऱ्हाइकाला कळलं तर तो म्हणेल, या माणसाला दिसत नाय, हा हापूस म्हणून रायवळ देईल. मी पान चुरगाळून वासावर कलम ओळखतो, पण ते कोणाला पटणार? आणि तुमी वेबसाइट करणार. तिकडे चार लोकांशी बोलणार.”

मी त्यांच्याच फोनवर आमचे जुने मेसेज उघडून पाहिले. माझे ते मुद्देसूद निरोप फोनच्या पडद्यावर पानंच्या पानं खाली गेले होते. ते त्यांनी वाचलेच नव्हते. नातवाने शिकवलेलं हात जोडायचं चित्र तेवढं दाबत होते.

मला राग आला होता, पण तो आता कुठे ठेवायचा ते समजेना. त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते. पण मीही एका वाक्यात विचारलं नव्हतं. अक्षर मोठं करून वेबसाइट तपासा, हे या धंद्यात पहिल्या वर्षात शिकवतात. चित्र आणि नाव ज्या चौकटीत बसवलं होतं तिची उंची मी आकडा टाकून पक्की केली होती. अक्षर वाढलं की चौकट वाढणार नाही, ते बाहेर सांडणार, हे मला माहीत होतं. माझ्या ओळखीत कोणी अक्षर मोठं करत नाही, म्हणून मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. कंपनीत हे तपासायला वेगळा माणूस असायचा. घरी तो माणूस मीच होते.

वह्या मी परत पिशवीत भरल्या. “चुकलं माझं, गुरुजी,” म्हटलं.

“चुकलं तर चुकलं. चहा घ्या,” ते म्हणाले.

दुरुस्तीला चार दिवस लागले. या वेळी मी माझ्या फोनवरही अक्षर सगळ्यात मोठं करून ठेवलं आणि चारही दिवस तसाच वापरला. बँकेचा मेसेज वाचायलासुद्धा दहादा बोट फिरवावं लागायचं. चीड आली, पण उपयोग झाला. लेखी निरोप बंद केले आणि जे ठरेल ते आवाजात पाठवायला लागले. गुरुजी त्यावर आवाजात उत्तर द्यायचे, सविस्तर, वर्गात शिकवल्यासारखे.

शेवटी एका दुपारी त्यांनी फोन केला आणि पहिलं पान मला मोठ्याने वाचून दाखवलं, अडखळत, पण सगळं. मग म्हणाले, “आता जागेवर आहे. फक्त ‘जांभुळ’ नाही, ‘जांभूळ’. भू दीर्घ.” त्यांच्या वहीत दीर्घच होता. टाइप करताना मी चुकले होते. त्यानंतर आठवडाभर रोज एक पान वाचून त्यांनी माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या, आणि मी पायरीवर बसून निमूटपणे त्या सुधारल्या.

भाताच्या लावणीच्या आधी वेबसाइट सुरू झाली. ती पाहून पडघ्याकडच्या कोणीतरी बांबूची रोपं मागवली, हे गुरुजींनी मला लगेच कळवलं. डोळ्यांबद्दल मी कुणाशीही बोलले नाही. पाऊस सरल्यावर मात्र पत्नीने त्यांना धरून नेऊन एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं.

पट्टी निघाली त्याच्या दोन-तीन दिवसांनी त्यांचा फोन आला. मी दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाच्या कामात अडकले होते. तेही ‘बरोबर दिसत नाय’ एवढंच म्हणत होते, आणि फोन कोणता वापरता विचारलं तर “तुमाला काय करायचंय?” असं म्हणाले होते.

“मॅडम,” गुरुजी म्हणाले, “हा हिरवा रंग तुमी कुठून आणलात ओ? आपल्या एकाही झाडाचा नाय हा. फार भडक आहे. बदलायला लागेल.”

मी बदलला. त्यांना तो शेवाळासारखा वाटला. मग पुन्हा बदलला. परवा त्यांनी कुड्याच्या झाडाचं एक पान पाकिटात घालून पोस्टाने पाठवलं, हा रंग द्या म्हणून. ते माझ्यापर्यंत येईस्तोवर तपकिरी झालं होतं. आता मला पुन्हा मुरबाडला जावं लागणार आहे.