पाहुण्यांसाठी मारलेला चुना

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी नगरपालिकेत कारकून होतो. वयस्कर माणसांना घरदुरुस्तीसाठी सरकारी मदत मिळायची, म्हणून साहेबांबरोबर गोडदेव गावात एका म्हातारबाबांचं घर बघायला गेलो. मिठागरात राबून बाबांच्या टाचा फुटलेल्या. जमीन ताजी सारवलेली, म्हणून आम्ही चपला बाहेर काढल्या. आत भिंती पांढऱ्याशुभ्र!

"तडे कुठायत?" साहेबांनी विचारलं.

"पावनं येनार म्हनून काल बुजवलं नि चुना मारला," बाबा कौतुकाने म्हणाले.

"मग मदत कशाला हवी? तडे दाखवा, नाहीतर नामंजूर करतो."

बाबांनी कोयता उचलला, भिंतीला टेकवला आणि थांबले.

"साहेब, तुमी जरा भायेर थांबा. पावन्यांसमोर न्हाय जमायचं."

आम्ही चपला घालून अंगणात उभे राहिलो. आत खरवडणं सुरू झालं, आणि एकदम काहीतरी धाडकन कोसळलं. मग सगळं शांत. साहेब दाराकडे धावले.

बाबाच बाहेर आले, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. आम्ही सवयीने चपला काढायला वाकलो.

"ऱ्हाऊ द्या," ते खाली बघत म्हणाले. "आता चपला घालूनच या."